दोनशे तेरा चौकटी

उद्घाटनाला एक दिवस उरला होता. दुपारी तीनच्या सुमारास कलासंग्रहालयाच्या शेवटच्या दालनात दोन वृद्ध बहिणी एका लाकडी बाकावर बसून अडतीस वर्षांपूर्वीचा आपला चित्रपट पाहत होत्या. धाकटी सहासष्ट वर्षांची चित्रकर्ती. त्या दालनाअलीकडची सहा दालने तिच्याच आयुष्यभराच्या कामाने भरलेली होती आणि बाहेरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत तिचेच नाव रंगवलेले होते. थोरली तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली. घरात अजूनही एकीला ‘ताई’ आणि दुसरीला ‘छोटी’ म्हणत. म्हणणारे मात्र त्या दोघींखेरीज आता कोणी उरले नव्हते.

“हा बाक कुणी केलाय गं?” ताईने कुजबुजत विचारले. “पाठ टेकायला काही नाही. चित्रं बघायला येणाऱ्याला पाठ नसते असं वाटतं की काय यांना?”

“नऊ मिनिटांचा तर आहे सिनेमा. गप बस.”

“नऊ मिनिटं तुझ्यासाठी. माझ्या मणक्याला विचार.”

पडद्यावर त्यांची आई शिवणयंत्रापाशी बसली होती. काचेवर बोटांनी सारलेल्या ओल्या तैलरंगातली आई. सुईखालून कापड निघत होते. ते टेबलावरून जमिनीवर उतरत होते, दारातून रस्त्यावर वाहत होते. पाहता पाहता रस्त्याचे आकाश होई, आकाशाची चादर होई, त्या चादरीखाली कुणीतरी कुशीवर वळे, आणि चादरीची कड पुन्हा सुईखाली येई. संग्रहालयाने मूळ फिल्मवरून नवी प्रत करवून घेतली होती. ओरखडे गेले होते, धूळ गेली होती, आणि रंग असे उजळले होते की जणू काच कालच पुसून ठेवली असावी. या दोघींनीही ही प्रत आज प्रथमच पाहिली.

दिवे उजळले. ताईने पर्स मांडीवर घेतली.

“सुरेख झालाय,” ती म्हणाली. “पण छोटे, मी इतकी शहाणी कधी होते गं? नऊ मिनिटांत एकदाही घाई केली नाही मी!”

चित्रकर्ती चटकन तिच्याकडे वळली. चित्रपट चालू असताना तिलाही सारखे काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. ओळखीच्या जिन्याची एक पायरी कुणी काढून न्यावी, तसे. काय हरवले ते आता कळले. तिचा हात हरवला होता. मूळ चित्रपटात मधूनच, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, एक काळा हात चित्रावरून चमकून जाई. असे दोनशे तेरा वेळा होई. या नव्या प्रतीत तो एकदाही आला नव्हता.

या हाताचे मोल कळण्यासाठी चित्रपटाच्या जन्माची कथा सांगितली पाहिजे.

चित्रकर्तीचे शिक्षण रीतसर झाले होते. कलाविद्यालयातले तिचे मुख्य अध्यापक मोठे साक्षेपी गृहस्थ. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘प्रमाणबुवा’ म्हणत; कारण समोर माणूस बसलेला असो की नुसता मातीचा घट, ते आधी कुंचला हातभर पुढे धरून अंगठ्याने त्याचे माप घेत. त्यांच्यापाशी ती रेषा शिकली, छाया शिकली आणि वाद घालायलाही शिकली. एकदा तिने एकाच फलकावर सात दिवसांत सात चित्रे एकावर एक रंगवली. प्रमाणबुवांनी विचारले, “यातलं तुझं चित्र कोणतं?”

“सातही. खालची सहा तुम्हाला दिसत नाहीत, एवढंच.”

“दिसत नाही ते चित्र नव्हे, मुली. चित्र म्हणजे जे थांबतं ते.”

“मग मी न थांबणारं काढीन, सर.”

त्या वर्षीचे पहिले पारितोषिक तिच्या हातून गेले, ते तेवढ्या एका वाक्यापायी. पण बोलून चुकले असे तिला कधी वाटले नाही, आणि बोललेले तिने खरे करून दाखवले.

विद्यालयातून बाहेर पडल्यावर ताईच्या ओळखीने तिला रुग्णालयात काम मिळाले. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी हाडांचे आणि स्नायूंचे तक्ते रंगवायचे. तिथेच क्ष-किरणांच्या फिल्म पाहण्याची एक जुनी प्रकाशपेटी मोडीत निघाली होती. पांढरी काच, आत नळीचे दिवे. चित्रकर्तीने ती पेटी मागून घेतली, ताईने ती साहेबांच्या नाकावर टिच्चून दोन वॉर्डबॉयकरवी घरी पोहोचवली, आणि आई वारल्यानंतर रिकाम्या झालेल्या खोलीत त्या पेटीची स्थापना झाली.

काम करण्याची रीत अशी. काचेवर तैलरंगाने चित्र काढायचे. वर लोखंडी चौकटीला टांगलेल्या कॅमेऱ्याने त्याची फिल्मवर एक चौकट, म्हणजे एक फ्रेम, टिपायची. मग बोटाने, चिंधीने, काडीने रंग तसूभर सरकवायचा आणि पुन्हा एक चौकट. मागचे चित्र पुसले जाई तेव्हाच पुढचे होई. हाती काहीच उरत नसे, उरे ती फिल्म. बारा चौकटींचा एक सेकंद. सहा हजार चारशे ऐंशी चौकटींना दोघींचे चौदा महिने लागले, सुट्टीचे सारे दिवस आणि कामावरून परतल्यावरच्या संध्याकाळी. चित्रकर्तीची बोटे रंगाने माखलेली असत, म्हणून कॅमेऱ्याची कळ तिला दाबता येत नसे. ती कळ एका लवचीक तारेच्या टोकाला होती, आणि ते टोक ताईच्या मुठीत असे.

खोलीचे छत बुटके होते, म्हणून कॅमेरा पुरेसा उंच चढेना आणि पेटी किंचित तिरपी ठेवावी लागे. दिव्यांनी काच तापे. वीसेक मिनिटांत रंग सैल होई आणि आईचा चेहरा हळूच हनुवटीकडे घसरू लागे. चित्रकर्तीला त्याचे भान नसे. एका सुरकुतीवर तिचे बोट पुन्हा पुन्हा फिरे.

“हात काढ,” ताई म्हणे.

“एक मिनिट.”

“आईचं नाक घसरतंय, छोटे.”

“एकच मिनिट गं!”

आणि ताई कळ दाबून मोकळी होई. खट्. हात चौकटीत अडके.

“अगं! हात होता माझा!”

“हात होता, पण नाकही होतं. आणखी थांबले असते तर हात गेला असता आणि नाकही.”

ताईचा डोळा पारखी होता. दिवसभर ती अस्वस्थ माणसांना क्ष-किरण यंत्रासमोर उभी करी, आणि शरीर नेमके कोणत्या क्षणी स्थिर असते हे तिला त्यांच्या खांद्यांवरून कळे. ओल्या रंगाचा तोल कोणत्या क्षणी सुटणार, हेही तिला तसेच कळे. दोनशे तेरा वेळा ती बहिणीच्या हट्टाला न जुमानता कळ दाबून गेली. भांडणेही तितकीच झाली.

चित्रपटाला नाव दिले ‘एक अखंड कापड’. चित्रकारांच्या मंडळाने आपल्या प्रदर्शनात तो नाकारला; म्हणाले, मधे हात येतो, आणि मुळात हा सिनेमा आहे, सिनेमावाल्यांकडे जा. सिनेमावाल्यांनी सांगितले, ही चित्रे आहेत, चित्रवाल्यांकडे जा. चित्रकर्तीने मग एका शाळेच्या सभागृहात पांढरी चादर टांगून तो स्वतःच दाखवला. चाळीस माणसे आली, त्यातल्या तिघांनी त्यावर लिहिले, आणि तिचे नाव झाले. पुढे व्हिडिओ कॅमेरा हाती आला तेव्हा तिने एका उंच इमारतीची भिंत रंगवणारे रंगारी अकरा दिवस टिपले आणि चार पडद्यांवर एकाच वेळी दाखवले. कोणी हिणवून म्हणाले, बाई आता रंगारी झाल्या. तिने पुढच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर नावाखाली ‘रंगारी’ असेच छापून घेतले. रुग्णालयातले बाक, त्यांवर वाट पाहणारी गुडघ्यांची रांग, पुसल्या जाणाऱ्या फळ्यांचे सबंध वर्ष. तिच्या व्हिडिओंत काहीच थांबत नसे. ती मात्र कोणासाठी वाकली नाही.

एवढी ताठ कण्याची बाई. पण एका ठिकाणी ती वाकली होती, आणि ते तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

*

संचालकांच्या खोलीत टेबलावर दोन कागद मांडलेले होते. संचालक एके काळी चित्रकर्तीचे विद्यार्थी. विद्यार्थिदशेत सगळ्यांना ‘हो’ म्हणत, म्हणून मुलांनी त्यांचे नाव ‘होयबा’ ठेवले होते. आता ते समितीला ‘हो’ म्हणत. शेजारी फिल्म स्वच्छ करणारे तंत्रज्ञ उभे होते, जाड भिंगांचा चष्मा लावलेले अबोल गृहस्थ. दोघी बहिणी समोर बसल्या.

“माझा हात कुठे गेला?” चित्रकर्तीने सरळच विचारले.

“मॅडम, आधी चहा—”

“हात.”

तंत्रज्ञांनी घसा साफ केला. “मी काढला. म्हणजे हाताच्या प्रत्येक फ्रेमच्या जागी मागचीच फ्रेम पुन्हा घातली. लांबी तीच राहिली. काढलेल्यांतली एकही फेकली नाही मी. सगळ्या वेगळ्या ठेवल्यात.”

“कुणाला विचारून?”

तंत्रज्ञ गोंधळले. त्यांनी संचालकांकडे पाहिले, आणि संचालकांनी टेबलावरचा एक कागद अलगद पुढे सरकवला. जुना, कडांना पिवळा पडलेला.

“तुम्हालाच, मॅडम. चित्रकारांच्या मंडळाचं सगळं दप्तर आपल्याकडे आलंय ना, त्यात तुमचं पत्र सापडलं. तुमच्या इच्छेप्रमाणेच केलंय सगळं.”

चित्रकर्तीने अक्षर ओळखले आणि कागद हाती घेतलाच नाही. संचालकांना वाटले चष्मा नसेल. त्यांनी सौजन्याने कागद उचलला आणि मोठ्याने वाचला:

“‘महोदय, सदर चित्रपटातील काही चौकटींत हाताची छाया दिसते. हा दोष माझा नसून, चित्रणास साहाय्य करणाऱ्या एका अप्रशिक्षित व्यक्तीच्या उतावळेपणामुळे घडलेला आहे. साधने उपलब्ध होताच तो दूर करण्याचे मी आश्वासन देते. तरी प्रवेशाचा पुनर्विचार व्हावा, ही नम्र विनंती.’”

ताईने पर्स मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली, मग पुन्हा मांडीवर घेतली.

“अप्रशिक्षित,” ती म्हणाली. “डिप्लोमा होता मला. पहिल्या वर्गात.”

“ताई—”

“नाही, बरोबर आहे. सिनेमाचा नव्हता. हाडांचा होता.”

संचालकांना आता उमगले की आपण काय वाचून बसलो. त्यांनी घाईघाईने दुसरा कागद पुढे केला. संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात ‘एक अखंड कापड’ घेतला जाणार होता. त्या संग्रहात हयात चित्रकार आजवर चारच होते. समितीने स्वच्छ प्रत पाहिली होती, तीच मंजूर केली होती. चित्रकर्तीने फक्त लिहून द्यायचे, की हेच या कृतीचे अधिकृत आणि अंतिम रूप होय.

“आजच पाचपर्यंत सही हवी, मॅडम. उद्या अध्यक्षा जाहीर करणार आहेत.”

चित्रकर्ती तंत्रज्ञांकडे वळली. “फ्रेम परत लावायला किती वेळ लागेल?”

“तासभर. फार तर.”

“मग लावा.”

“तसं नाही होत, मॅडम,” संचालक कळवळून म्हणाले. “समितीने पाहिलेली प्रत बदलायची म्हणजे पुन्हा समिती. ती तीन वर्षांनी बसते. आणि मंजूर नसलेली प्रत मला इथे दाखवताही येणार नाही. नियम आहे.”

“तीन वर्षांनी मी एकोणसत्तर वर्षांची असेन.”

“म्हणूनच म्हणतोय. एवढी वर्षं वाट पाहिलीत. दोनशे फ्रेमसाठी—”

“दोनशे तेरा.”

“सेकंदाच्या बाराव्या हिश्शाने काय फरक पडतो, सांगा ना! कोणाला दिसतसुद्धा नाहीत.”

“दिसत नाही ते चित्र नव्हे, असं मला एकांनी फार पूर्वी सांगितलं होतं,” चित्रकर्ती म्हणाली. “त्यांचंही मी ऐकलं नव्हतं.”

तेवढ्यात ताई बोलली. आवाज कोरडा होता. “सही करून टाक, छोटे. आयुष्य घातलंस यात. मी कोण? बटण दाबणारी.”

“तुझ्यासाठी करत नाहीये मी हे!”

ती इतक्या जोराने म्हणाली, की तंत्रज्ञ एक पाऊल मागे सरले. पुढचे मात्र तिने सावकाश, शब्द निवडून सांगितले. “मी तुला न्याय वगैरे द्यायला निघालेली नाही. तो सिनेमा तसा झाला. मी थांबत नव्हते, रंग घसरत होता, तू थांबवलंस. थांबवलं नसतंस तर आईचा चेहरा जमिनीवर गेला असता आणि पुढच्या फ्रेमला काही उरलंच नसतं. तो हात म्हणजे माझा हट्ट आहे आणि तुझा डोळा आहे. तो काढला तर जे उरतं ते मी केलेलं नाही. मग मी केलेलं नसलेलं काम माझं म्हणून कशाला लिहून देऊ?”

“पण मॅडम, पत्रात तर तुम्हीच दोष म्हटलंय—”

“म्हटलंय. अठ्ठावीस वर्षांची होते, प्रदर्शनात शिरायचं होतं, आणि शिरायला कुणाला तरी खाली ढकलायचं होतं. घरातलीच माणसं जवळ असतात त्या कामाला.” तिने सहीचा कागद उलटा करून संचालकांकडे सरकवला. “आणि पुढची गंमत ऐका. आठ वर्षांनी जाणकारांनी लिहिलं, काय धाडसी योजना आहे, कलावंताने स्वतःचा हात चित्रात आणला! ते मी ऐकून घेतलं. तीस वर्षं. कुणाची योजना ते सांगितलं नाही. पत्र सापडल्यावर तरी मला लाज वाटू द्या. सही होणार नाही.”

“मग हा सिनेमा मला उद्या काढावा लागेल. त्या जागी तुमची सुरुवातीची तैलचित्रं—”

“काही लावायचं नाही. पडदा रिकामा राहील. नाहीतर सहा दालनं मी आत्ता उतरवून नेते. करारात तो हक्क माझा आहे, वाचून पाहा.”

होयबांना आयुष्यात इतक्या वेळा ‘नाही’ एकदम कोणी ऐकवले नव्हते. त्यांनी कपाळावरून रुमाल फिरवला आणि सवयीने म्हणाले, “हो.”

*

घरी परतल्यावर स्वयंपाकघरात ताईने दोन ताटे वाढली, आपले ताट उचलून दुसऱ्या खोलीत नेले आणि दार लोटून घेतले. चित्रकर्तीने दाराबाहेरूनच म्हटले, “माझं चुकलं, ताई.”

“माहितेय.”

“उद्या येणार आहेस?”

“येणार. तुझ्या प्रेमापोटी नव्हे. तू आता काय करतेस ते बघायचंय मला. जे बोललीस ते त्या दोघांसमोर बोललीस. पत्र मात्र मंडळाला लिहिलं होतंस.”

दारामागून एवढेच आले. ताईचे म्हणणे रास्त होते. अपराध लेखी होता, चार भिंतींतल्या तोंडी कबुलीने तो फिटणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारे उघडण्याच्या दोन तास आधी ती काळ्या रंगाची एक बरणी आणि दोन चपटे कुंचले घेऊन शेवटच्या दालनात शिरली. रिकाम्या पडद्याशेजारची भिंत पांढरीशुभ्र होती. संचालक धावत आले. “मॅडम, भिंतीवर नको! आपण छापून लावू, छोटीशी पाटी करू.”

“पाटी तुम्ही रात्रीतून बदलाल. भिंत पुसायला माणूस बोलवावा लागेल, आणि तोवर चार जण वाचतील.”

त्यांनी हात टेकले. चित्रकर्तीने दोरी ताणून रेघा आखल्या आणि तक्ते रंगवण्याच्या दिवसांतल्या तिच्या सरळ, गोल, शिक्षकी अक्षरांत लिहायला घेतले. गुडघे कुरकुरत होते. स्टुलावर चढताना तिला दोनदा भिंतीचा आधार घ्यावा लागला. दीड तासाने भिंतीवर असे उभे राहिले:

‘या पडद्यावर “एक अखंड कापड” हा चित्रपट दाखवायचा होता. संग्रहालयाला तो माझ्या हाताशिवाय हवा आहे. तसा मी देणार नाही. त्यातल्या दोनशे तेरा चौकटींत माझा हात दिसतो, कारण रंग घसरत होता आणि मी थांबत नव्हते. कॅमेऱ्याची कळ माझ्या थोरल्या बहिणीने दाबली. ती दाबली नसती तर हा चित्रपट झाला नसता. तिला मी एका पत्रात अप्रशिक्षित म्हटले, आणि पुढे तिच्या निर्णयाची वाहवा तीस वर्षे स्वतः घेतली. दोन्ही वेळा मी खोटे वागले.’

ताई दहाच्या सुमारास आली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून तिने भिंत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली.

“‘थोरल्या’ लिहायची काही गरज होती का?” ती म्हणाली. “सगळ्या गावाला वय कळलं माझं.”

“खोडू?”

“राहू दे आता. ‘खोटे वागले’ जरा मोठ्या अक्षरांत हवं होतं मात्र.”

“जागा संपली.”

“जागा संपली म्हणे! आधी आखून घ्यायचं नाही का?” आणि ती त्याच बिनपाठीच्या बाकावर जाऊन बसली.

अकराला दारे उघडली. माणसे सहा दालने पाहत पाहत इथवर येत, रिकाम्या पडद्यापाशी थबकत, भिंत वाचत आणि चित्रकर्तीकडे बघत. ती पडद्याशेजारी उभी होती. साडेअकराला समितीच्या अध्यक्षा आल्या. त्यांच्या कपाळावरची आठी सहसा मोडत नसे. भिंत वाचताना ती अधिकच खोल गेली.

“हे काय आहे?”

“माझं निवेदन.”

“संग्रहालयाच्या भिंतीवर संग्रहालयाचीच बदनामी?”

“बदनामी माझी आहे. नीट वाचा. संग्रहालयाच्या वाट्याला एकच ओळ आलीय.”

“तुम्हाला कल्पना आहे ना, कायमच्या संग्रहाचा प्रस्ताव आज आम्ही मागे घेतोय? पुढच्या समितीत तो पुन्हा येईलच असं नाही.”

“कल्पना आहे.”

“आणि तुम्ही इथे अशाच उभ्या राहणार?”

“प्रदर्शन चाळीस दिवसांचं आहे ना?”

अध्यक्षा काही बोलणार, इतक्यात हातात छत्री घेतलेल्या एका बाईने मधेच विचारले, “अहो, पण सिनेमा कधी दाखवणार? मी तेवढ्यासाठीच आलेय. शाळेच्या हॉलमध्ये चादरीवर पाहिला होता मी, लग्नाआधी.”

“दाखवायची मनाई आहे,” चित्रकर्ती म्हणाली. मग ती पडद्याकडे वळली. “पण सांगायची नाही. बसा. पहिल्या फ्रेमपासून सांगते. सुरुवातीला आई मशीनपाशी बसलेली आहे, मांडीवर निळं कापड—”

“चूक,” बाकावरून आवाज आला.

दालनातली सगळी डोकी तिकडे वळली.

“पहिल्या फ्रेमला कापड नव्हतंच,” ताई म्हणाली. “नुसती सुई होती आणि आईचा अंगठा. कापड अठराव्या फ्रेमला आलं. मी होते तिथे, कळ माझ्या हातात होती.”

“अठराव्या नाही, बाराव्या. एक सेकंद पूर्ण झाल्यावर.”

“अठराव्या! सहा फ्रेम तू नुसता अंगठाच गिरवत बसली होतीस. तेव्हाच पहिल्यांदा दाबली मी, तुझा हात असताना.”

“ते पहिल्यांदा तिथे झालं?”

“मग? तुला काय माहीत असणार, तू तर ओरडत होतीस. छतापर्यंत.”

कुणीतरी हसले. छत्रीवाली बाई खाली फरशीवरच बसली, तिच्यामागे आणखी दोघे बसले. दाराशी तंत्रज्ञ येऊन उभे राहिले होते. चित्रकर्ती हातांनी हवेत कापड ओढून दाखवू लागली, ते टेबलावरून कसे उतरले, उंबऱ्याशी कसे अडखळले, ताई बसल्या जागेवरून तिला दुरुस्त करू लागली, आणि दर थोड्या वेळाने म्हणू लागली, “इथे पुन्हा हात. का ते सांग त्यांना.” आणि चित्रकर्ती सांगत होती, का ते. लोक रिकाम्या पांढऱ्या पडद्यावरून नजर हलवत नव्हते.

अध्यक्षा अजून पडद्यासमोरच उभ्या होत्या. मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ मान वाकडी करून वैतागाने म्हणाले, “अहो बाई, जरा बाजूला व्हा की. मागच्यांना काही दिसत नाहीये.”